सुई, सरकार आणि आपली दिंडी

शताब्दीच्या या अंकात दिंडीच्या मूळ पुरुषांविषयी, मुक्कामांविषयी आणि वीणेच्या परंपरेविषयी इतर माउलींनी लिहिले आहे. आमच्या वाट्याला आलेला विषय तसा कडू आहे. समितीच्या बैठकीत एका तरुण टाळकऱ्याने विचारले, "दोन वर्षं वारी बंद होती ते अंकात येणार का? आणि त्यानंतर सुईवरून आपल्यात जे झालं, ते?" बैठक थोडा वेळ गप्प झाली. मग एक म्हातारी माउली म्हणाली, "येऊ द्या की. चांगलं तेवढंच लिव्हायचं असंल तर तो इतिहास कसला?" म्हणून हा लेख.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा आपली दिंडी मोडता मोडता राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. लस घेतलेले आणि न घेतलेले एका ट्रकात बसणार की नाही, एका राहुटीत झोपणार की नाही, यावरून ते सारे झाले. ज्यांनी लस घेतली नव्हती ते अडाणी होते, असे म्हणून विषय मिटवता येतो. पण ते खरे नाही. त्यांचा अविश्वास एका रात्रीत आलेला नव्हता. आपल्या डोंगरात तो पिढ्यान्‌पिढ्या साठत आला आहे. तो कुठून आला, कुठे बरोबर ठरला आणि कुठे आपल्यालाच महागात पडला, हे नीट मांडावे एवढाच आमचा हेतू.

डोंगराची जुनी आठवण

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. इंग्रजी अमलात सरकार या माणसांना भेटले ते शेतसारा मागणारे, जंगल अडवणारे आणि सावकाराच्या कागदामागे शिपाई घेऊन उभे राहणारे म्हणून. राघोजी भांगरे यांचे नाव आपल्याकडे आजही आदराने घेतात. सरकार आणि सावकाराविरुद्ध उठलेले हे राघोजी १८४८ च्या जानेवारीत पकडले गेले ते पंढरपुरात. विठ्ठलाच्या दर्शनाला गेलेला माणूस यात्रेच्या गावात सरकारने धरला आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिला. पुढे आपल्याच तालुक्यातले जांभोरीचे होनाजी केंगले १८७३ च्या सुमारास सावकारशाहीविरुद्ध उठले आणि १८७६ मध्ये तेही पकडले गेले.

या गोष्टींचा सुईशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की सरकारी माणूस वस्तीवर आला की पोरांना घरात घ्यायचे आणि कर्त्या पुरुषाने रानात निघून जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुढे तोच सरकारी माणूस औषध घेऊन आला, तेव्हाही पाय आपोआप रानाकडेच वळले.

पटकी आणि वारकरी

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणत. कोणी जरीमरी म्हणत. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची चाल पुष्कळ गावांत होती. यात्रा आणि पटकी यांची जोडी जुनीच. लाखो माणसे एका गावात, एका नदीकाठी, तीच नदी प्यायला आणि तीच आंघोळीला. तिच्याच वाळवंटात झिरे खणून पाणी भरायचे. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला १८८४ मध्ये कलकत्त्यात तो जंतू सापडला. तरीही सरकारी अहवालांत दोष पडायचा तो यात्रेकरूंच्या माथी. वारकरी गलिच्छ, वारकरी रोग घेऊन येतो आणि परत जाताना गावोगाव वाटत जातो, अशा अर्थाचा तो सूर असे.

रोग माणसांबरोबर फिरतो हे खरेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाटेवर नळ, विहिरी, संडास यांवर पैसा घालण्यापेक्षा यात्रेकरूला अडवणे सरकारला स्वस्त पडत होते. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे साधे होते, "आम्हाला अडवू नका, पाणी द्या." हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवरही बरोबरच होते.

आपल्या डिंभ्याला तर हे पाणी फार जवळचे. घोड नदी इथून खाली जाऊन भीमेला मिळते आणि हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आपण ज्येष्ठात निघतो, नदी बारा महिने वारीला चाललेली असते. वरच्याने पाण्यात काय सोडावे आणि खालच्याने काय प्यावे, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकातला नाही.

१८९७ : पुण्यातला प्लेग

अविश्वासाचा सगळ्यात मोठा घाव महाराष्ट्राला बसला तो प्लेगात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. चार कलमांचा हा कायदा, पण त्यात सरकारला हवे ते करायची मुभा होती. पुण्यात प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड याला नेमले. मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही सुटले नाही. आजारी माणसाला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. सामान बाहेर काढून जाळत. बायकांची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारी झाल्या. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासत.

रोग खरा होता आणि माणसे खरोखर मरत होती. रुग्ण वेगळा ठेवणे, घर स्वच्छ करणे हे उपाय गरजेचे होते. पण ज्या पद्धतीने ते केले गेले त्यामुळे लोक रोगापेक्षा तपासणीला भिऊ लागले. घरातला ताप लपवला जाऊ लागला, प्रेते गुपचूप हलवली जाऊ लागली. लपवलेला रोग जास्त पसरतो, तसा तो पसरला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तिन्ही चापेकर भाऊ फासावर गेले. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

लोकमान्यांविषयी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पुष्कळ पुढारी पुणे सोडून गेले असताना ते शहरातच राहिले आणि लोकांच्या विश्वासाचे वेगळे हिंदू प्लेग इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सरकारच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली, पण म्हणून रोगावरचा इलाज नको असे ते म्हणाले नाहीत. हा फरक आपण पुढे विसरलो.

त्याच साथीत पुण्याबाहेर हडपसरकडे ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांचा दवाखाना चालत होता. सावित्रीबाई फुले स्वतः रुग्ण आणून तिथे त्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका महार मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथवर आणले असे सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच रोगासाठी दोन तऱ्हेची माणसे दारात येत होती. एकाच्या हातात दंडुका होता, दुसरीच्या पाठीवर रुग्ण. कोणाला दार उघडले गेले असेल हे सांगायला नको.

माउलींची पालखी पुण्याहून निघून हडपसरवरून दिवे घाटाकडे जाते. पुढच्या वेळी तिथून जाताना सावित्रीबाईंची आठवण ठेवून दोन पावले हळू टाकावीत, अशी विनंती.

सुईचा बाप

वाल्देमार हाफकिन हे ओडेसा शहरात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी पटकीवरची लस १८९२ मध्ये पॅरिसला तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. प्लेग आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला तीही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. मुंबईतली हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लस राजीखुशीने घ्यावी, सक्ती नको, असे त्यांचे मत होते.

पण भीतीलाही खरे कारण मिळाले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. एकाच बाटलीतल्या लसीत दोष गेला होता. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवून त्यांना बाजूला केले गेले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, गावात उघडताना दूषित झाली असणार, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा डाग पुसला जायला १९०७ उजाडले. तेव्हा "सुईने माणूस मरतो" हे नुसते अफवेचे बोलणे नव्हते. एकदा तसे घडले होते. एका बाटलीचा दोष लाखो बाटल्यांना लागत नाही हेही तितकेच खरे. पण हे समजावून सांगायला गावात कोणी आले नाही. बातमी आली, खुलासा आला नाही.

आपल्या दिंडीची सुई

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात सव्वा कोटीहून जास्त माणसे नेली असे मानतात. त्यानंतर सहा-सात वर्षांत आपली दिंडी सुरू झाली. पहिल्या वारकऱ्यांनी प्लेग पाहिला होता, तो ताप पाहिला होता. साथ आली की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, हे त्यांना सवयीचे होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे पंढरीच्या वाटेवर कॉलऱ्याची सुई आली. टोचून घेतल्याचा दाखला जवळ ठेवावा लागे. घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत आळंदीला पोचायचे आणि पुढे कुठेतरी टेबल मांडून बसलेले डॉक्टर आणि शिपाई. त्या सुईच्या गोष्टी आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकल्या. दंड सुजायचा, रात्री ताप भरायचा, दुसऱ्या दिवशी तरी चालावे लागायचेच. कोणी उसातून पळायचे. कोणी दुसऱ्याचा दाखला दाखवायचे. एके ठिकाणी तर चार आणे दिले की सुईवाचून कागद मिळत असे, असे आमचे आजोबा हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, हे आता कळते.

दिंडीत एक म्हातारी होती, तिने एका साली ठाम सांगितले, "म्या न्हाई टोचून घ्यायची. इठोबाच्या वाटंला आलेय, इस्पितळाच्या न्हाई." शिपाई तिला माघारी पाठवायला निघाला. तेव्हाचे आपले वीणेकरी पुढे झाले. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, बाही वर केली आणि डॉक्टरला म्हणाले, "आधी मला." मग त्या म्हातारीजवळ बसले आणि म्हणाले, "आई, तुझा ताप मी रातभर बघतो. पण तू वाटेत आडवी झालीस तर तुला बघायला माझ्याकडं औषध न्हाई." तिने टोचून घेतले. रात्री ताप आला आणि वीणेकरी खरोखर तिच्या उशाशी बसले. ही गोष्ट दिंडीत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता प्रत्येकाच्या तोंडी थोडी वेगळी असते. गाभा मात्र तोच.

आता दुसरी बाजू. ती सुई फार चांगली नव्हती. तिचे संरक्षण अर्धेमुर्धे आणि थोडेच महिने टिकणारे होते. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने प्रवाशांसाठी कॉलऱ्याच्या दाखल्याची अट काढून टाकली, कारण या सुईने रोग एका देशातून दुसऱ्या देशात जायचा थांबत नाही, हे तोवर उघड झाले होते. पटकीचा जोर मोडला तो स्वच्छ पाण्याने, संडासाने आणि मीठ-साखरेच्या पाण्याने. १९७१ मध्ये बंगालच्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. म्हणजे आपले म्हातारे "पाणी द्या" म्हणत होते, ते खरेच होते.

पण म्हणून सगळ्या सुया खोट्या ठरत नाहीत. देवीची टोचणी आठवा. मुंबईत १८०२ मध्ये पहिल्या मुलीला देवी टोचली गेली. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर ते गोल वण होते. देवीला राग येईल म्हणून लोक लपत होते, कुठे कुठे बळजबरीही झाली. पण १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही आणि १९८० मध्ये सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज आपल्या दिंडीत देवीच्या वणांनी भरलेला चेहरा दिसत नाही, तो त्याच सुईमुळे.

नसबंदी आणि धरण

विश्वास थोडा जुळत आला की तो मोडायलाही वेळ लागत नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्या काळात आरोग्य खात्याची जीप दिसली की बाप्ये डोंगर चढायचे. "सुई टोचली की पोर होत नाही" ही अफवा नंतर कित्येक वर्षे प्रत्येक लसीला चिकटली. तिचे मूळ इथे आहे.

मग आले धरण. कुकडी प्रकल्पातले हे डिंभे धरण घोड नदीवर बांधले गेले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. महाळुंगे पडवळचे हे सुपुत्र १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. कुकडी प्रकल्पाचे पाणी पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोचते. तिकडचा ऊस हिरवा झाला, त्या शेतकऱ्यांचे आम्हाला वाईट वाटत नाही, तेही वारकरीच. पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर पाणी उभे राहिले त्यांना जमिनीसाठी आणि मोबदल्यासाठी किती खेटे घालावे लागले, हे या खोऱ्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. कागदावर अंगठा दिला, तो कशासाठी दिला हे पुष्कळांना नंतर कळले.

सरकारचे दुसरे रूपही आपण पाहिले. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसे चिखलाखाली गेली. त्या पावसात आपत्ती दलाचे जवान दिवसेंदिवस माती उपसत होते. त्यांच्या हाताला कोणी हात मागितला नाही, त्यांनीच दिला. सरकार म्हणजे एकच माणूस नव्हे, हे त्या आठवड्यात आपल्याला दिसले.

दोन वर्षे आणि एक चूक

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच तो साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. रँडच्या काळातले कलम आपल्या दारात आले. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसे. १ जुलैची आषाढी आपण घरात बसून केली. २०२१ मध्येही मानाच्या दहा पालख्यांना प्रत्येकी दोन बस आणि चाळीस माणसांची परवानगी मिळाली. पायी वारीचा आग्रह धरणाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. आपल्या दिंडीने दोन्ही वर्षे देवळात वीणा उभी ठेवली आणि डिंभ्यातच प्रदक्षिणा केली. वारी चुकली म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. १ मार्चला साठीपुढच्यांना, १ एप्रिलला पंचेचाळीसपुढच्यांना. त्यातली कोविशील्ड ही लस हडपसरला बनत होती, आपल्या पालखीच्या वाटेवर.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. त्या मार्च महिन्यात हरिपाठानंतर बोलणे निघाले तेव्हा आमच्यातल्या एकाने, ज्याचा शब्द दिंडीत मानतात, हसत म्हटले, "गळ्यात माळ असताना दंडाला सुई कशाला?" सगळे हसले. आम्हीही हसलो. आपले पखवाजी तिथे बसले होते. साठी ओलांडलेले, दम्याचा त्रास असलेले. आदल्या दिवशीच ते "जावं म्हणतो" असे म्हणाले होते. त्या हसण्यानंतर ते गेले नाहीत. मे महिन्यात ते वारले. लस घेतली असती तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येत नाही. पण त्यांना निर्णय करायचा होता, तो आम्ही हसून त्यांच्या हातून काढून घेतला. सरकारने विचार करू दिला नाही की आपण सरकारला नावे ठेवतो. इथे तेच आपण केले. माळ आपल्याला वाईटापासून दूर राहण्याची आठवण देते. ती फुप्फुसाचे औषध आहे, असे कुठल्याही संताने सांगितलेले नाही.

२०२१ च्या शेवटी दंडुका पुन्हा दिसू लागला. लशीवाचून सार्वजनिक वाहनात बसू नये असे आदेश निघाले. औरंगाबाद जिल्ह्यात तर एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, पेट्रोल, गॅस देऊ नये, असे फर्मान निघाले. रेशन अडवणार ही बातमी आपल्या वाड्या-वस्त्यांवर पोचली आणि जे अर्धे तयार झाले होते ते पुन्हा मागे सरले. "चांगलं औषध हाय तर दाण्याची धमकी कशाला?" हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर देणे आम्हाला जमले नाही.

देवळातल्या दोन संध्याकाळी

२ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. पायी वारी होणार हे ठरले आणि देवळात बैठक बसली. एका बाजूचे म्हणणे, लस न घेतलेल्याला ट्रकमध्ये जागा नाही; आमच्या घरी म्हातारी माणसे आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, वारी कोणाच्या बापाची नाही. विठोबाच्या वाटेवर दाखला मागणारे तुम्ही कोण? आवाज चढले. दिंडीचे सामान वाटून घेण्यापर्यंत गोष्ट गेली.

तेव्हा धरणग्रस्तांपैकी एक म्हातारे वारकरी उठले. ते म्हणाले, "सुईवर माझा राग न्हाई. धरणाच्या वक्ताला अंगठा मागितला, दिला. म्हणाले जिमीन मिळंल. आता दंड मागत्यात, म्हणत्यात जीव वाचंल. आधीचं दिलं असतं तर आत्ता इचारावं लागलं नसतं." त्यांच्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. लस घेतलेल्यांपैकी एकही त्यांना खोडू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्याच वस्तीतली आशाताई आली. ती आपल्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याची सून. तिने कागद दाखवला नाही, भाषण केले नाही. दोन संध्याकाळी ती देवळाच्या ओट्यावर बसली आणि ज्याने जे विचारले त्याचे उत्तर दिले. ताप येतो का? येतो. लस घेऊनही कोरोना होतो का? होतो, पण आजार जड व्हायचे प्रमाण कमी होते. कोणाला त्रास झाला का? क्वचित झाला, आणि झाला तर लगेच सांगा, मी इथेच आहे. "माहीत नाही, विचारून सांगते" असे ती तीन-चार वेळा म्हणाली आणि खरोखर विचारून आली. त्यानेच काम झाले असे आम्हाला वाटते. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी लस घेतली. ते म्हातारे वारकरी मात्र नाहीच म्हणाले. आणखी एका माउलीनेही घेतली नाही.

शेवटी दिंडीने असे ठरवले: दाखला कोणी मागायचा नाही. ज्याला ताप-खोकला आहे त्याने, लस घेतलेली असो वा नसो, स्वतःहून सांगायचे आणि वेगळ्या राहुटीत झोपायचे. तिथे त्याचा शिधा पोचवायचा आणि दिंडीतल्या एकाने त्याच्या हाकेच्या अंतरावर थांबायचे. म्हाताऱ्यांनी मुक्कामी मोकळ्यावर बसायचे. पाणी उकळून आणि टँकरचे असेल तर औषध टाकून. हे नियम सगळ्यांनी पाळले, त्या दोघांनीही.

बैठका चालू असतानाच, २ मे २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, माणसाचे शरीर हे त्याचे स्वतःचे आहे. मात्र इतरांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी मर्यादा घालू शकते, आणि लशीच्या त्रासाची माहिती लोकांपुढे उघड ठेवली पाहिजे. कोणी तरी फोनवर तो वाचून दाखवला. म्हातारी माउली म्हणाली, "म्हंजे आपल्या वीणेकरीबुवांनी केलं तेच की."

पुढच्या शंभर वर्षांसाठी

सरकारवर विश्वास ठेवा असे आम्ही सांगणार नाही, ठेवू नका असेही नाही. शंभर वर्षांच्या वाटेने आपल्याला एवढे शिकवले की सुई आणि ती घेऊन येणारा हात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हात वाईट म्हणून सुई वाईट ठरत नाही आणि सुई चांगली म्हणून हाताचे सगळे गुन्हे माफ होत नाहीत. धरणग्रस्तांचा हिशेब अजून बाकी आहे. तो मागत राहावे. पण त्या रागापोटी आपल्याच पखवाज्याला हसू नये.

साथ पुन्हा येईल, आज ना उद्या. तेव्हा दिंडीच्या प्रमुखांनी आणि वीणेकऱ्यांनी काय करायचे, ते आपल्या आधीच्यांनी करून ठेवले आहे: नीट विचारून घ्यायचे, पटले तर आपली बाही आधी वर करायची, न पटणाऱ्याला सोडून पुढे जायचे नाही, आणि ताप आला तर उशाशी बसायचे. ज्यांनी लस घेतली नाही ते म्हातारे वारकरी त्या वर्षी वाखरीपर्यंत आपल्याच बरोबर चालले. पखवाज त्या वर्षी त्यांच्या नातवाने वाजवला.

रामकृष्ण हरी.